स्त्री-अभ्यासाची पदवी घेतलीत? आता राहात्यात काम उभं करायची कृती

पदवी झाली, अभिनंदन! "याचं पुढे काय करणार?" हा प्रश्न एव्हाना घरात, एसटीत आणि लग्नाच्या मांडवातही विचारून झाला असेल. उत्तर तोंडाने देत बसू नका. या २६ पायऱ्या ओळीने करत गेलात की तुमचं कामच उत्तर देईल. "स्त्री-अभ्यास पदवीधर पाहिजे" अशी पाटी राहाता तालुक्यात कुठेही दिसणार नाही. पण या पदवीत शिकलेलं कौशल्य लागेल अशा जागा पंचायत समितीपासून शिर्डीच्या लॉजपर्यंत पुष्कळ आहेत. तिथे आपण शिकलेलं कामाच्या भाषेत मांडायचं. चला, टेबल मोकळं करा आणि बसा.

काय तयार होईल: एक व्यवस्थित फाईल, तुमच्या नावाचा एक छोटा अहवाल, एक प्रशिक्षण सत्र आणि अर्जांचं कॅलेंडर.

वेळ: साधारण सहा महिने, रोज दोन तास.

साहित्य: दहावीपासूनच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रं, अधिवास दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र, आधार व पॅन, एक जाड वही, दोन फाईली, मोबाईल, आणि चप्पल जरा मजबूत घ्या, फिरायचं आहे.

पहिला टप्पा: घरच्या टेबलावर

१. सगळी कागदपत्रं तारखेच्या क्रमाने लावा. दहावी सगळ्यात खाली, शेवटची पदवी वर. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा आणि मोबाईलवर स्कॅन करून ठेवा. *सांभाळा:* मूळ प्रत कुणालाही ठेवायला देऊ नका. दाखवायची आणि परत फाईलीत.

२. प्रत्येक कागदावरचं नाव मोठ्याने वाचा. लग्न झालं असेल तर गुणपत्रिकेवर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र आजच फाईलीत घाला. *सांभाळा:* कागदपत्रं तपासताना नावाच्या फरकावरूनच अडवतात. लग्न ठरत असेल तर हेही पक्कं लक्षात ठेवा, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही.

३. फक्त तुमच्या नावाचं बँक खातं उघडा. त्याला तुमचाच मोबाईल नंबर जोडा. *सांभाळा:* नंबर नवऱ्याचा किंवा भावाचा दिला तर ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि आपल्याच पैशासाठी आपण थांबून राहतो.

४. वहीचं एक पान आडवं धरून तीन रकाने आखा: "मी काय शिकले", "त्यातून मला काय करता येतं", "राहाता तालुक्यात ते कुणाला लागतं". आता भरा. संशोधन पद्धती शिकलात? मग मुलाखत घेणं, सर्वेक्षण करणं आणि अहवाल लिहिणं तुम्हाला येतं. ते संस्थांना आणि पंचायत समितीला लागतं. स्त्रिया आणि कायदा शिकलात? मग कायद्याची माहिती सोप्या मराठीत देता येते. ती दवाखाने, पतसंस्था आणि लॉजना लागते. लिंगभाव आणि विकास शिकलात? मग बचत गटांना प्रशिक्षण देता येतं. *सांभाळा:* "मी संवेदनशील आहे" असलं काही लिहू नका. प्रत्येक ओळीत क्रियापद हवं: घेते, लिहिते, शिकवते, मोजते.

५. त्याच पानावरून एक पानी बायोडेटा बनवा. वरती नाव, मग "मला येणारी कामं", मग शिक्षण. *सांभाळा:* वैवाहिक स्थिती, उंची, वर्ण लिहू नका. हा नोकरीचा बायोडेटा आहे, स्थळाचा नाही.

६. घरच्यांना एकत्र बसवून कामाचे दोन तास ठरवा. त्या वेळात स्वयंपाक, मुलं, पाहुणे हे कोण बघणार ते नावानिशी कागदावर लिहा आणि कागद फ्रीजवर किंवा भिंतीवर लावा. *सांभाळा:* हे सणाच्या गडबडीत किंवा भांडणाच्या भरात काढू नका. शांत दिवस बघा आणि "मला हे काम करायचं आहे, त्याची सोय लावूया" इथूनच बोलायला लागा.

दुसरा टप्पा: तालुक्याशी ओळख

७. राहात्याच्या पंचायत समितीत जा आणि "उमेद"चा तालुका कक्ष विचारा. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं हे कार्यालय. तुमच्या भागाचे प्रभाग समन्वयक कोण, ग्रामसंघ (गावातल्या बचत गटांचा संघ) कुठे आहे, गटांच्या बैठका कधी होतात, एवढं टिपून आणा. *सांभाळा:* पहिल्याच भेटीत नोकरी मागू नका. "मला बैठकीला बसून शिकायचं आहे" म्हणा, दार लवकर उघडतं.

८. एका बचत गटाच्या बैठकीला नुसतं बसा. दशसूत्री (गट चालवायचे दहा नियम) कशी म्हणतात, कर्ज कुणाच्या नावावर निघतं आणि खर्च कोण ठरवतं ते बघा. घरी येऊन लिहून काढा. *सांभाळा:* तिथे भाषण करायचं नाही. त्या बायकांना गट चालवायचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. आज त्या शिकवणार आणि तुम्ही ऐकणार.

९. एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या प्रकल्प कार्यालयात जा. तालुक्याचे संरक्षण अधिकारी कुठे बसतात आणि कोणत्या वेळी भेटतात ते विचारा. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ खाली बाईची तक्रार नोंदवून दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवणारी व्यक्ती तीच. *सांभाळा:* माहिती ऐकीव घेऊ नका. स्वतः भेटून, खोली नंबरसकट लिहा.

१०. राहात्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीचा टेबल शोधा. विधी स्वयंसेवकांची निवड कधी होते ते विचारून अर्ज करा. या कामात प्रशिक्षण मिळतं, कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं आणि कायदा प्रत्यक्षात चालताना दिसतो. *सांभाळा:* स्वयंसेवक म्हणजे वकील नव्हे. वाट दाखवायची, सल्ल्याचं काम वकिलावर सोडायचं.

११. एका कार्डावर हे नंबर लिहून पर्समध्ये ठेवा: तातडीसाठी ११२, महिला हेल्पलाईन १८१, बालकांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. खाली एक ओळ लिहा: मोफत वकील मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही. *सांभाळा:* कार्ड लॅमिनेट करा. पुढे ते तुमच्या हातून सगळ्यात जास्त फिरणार आहे.

तिसरा टप्पा: पहिलं नमुना काम

इथे घाई नको. नोकरी देणारा पदवी बघतो, पण काम देणारा आधीचं काम बघतो. म्हणून एक छोटं काम स्वतःच करून ठेवायचं.

१२. एक जागा आणि एकच प्रश्न निवडा. राहात्याच्या पेरूच्या बागेत तोडणी आणि प्रतवारी करणाऱ्या बायका, शिर्डीच्या लॉजमधल्या साफसफाई कामगार, पुणतांब्याच्या शेतकरी कुटुंबातल्या बायका, यांतलं काहीही चालेल. प्रश्न असा: यांच्या २४ तासांत कमाईचं काम किती, घरचं बिनपैशाचं काम किती, झोप किती? *सांभाळा:* "राहाता तालुक्यातील स्त्रियांचे प्रश्न" असा विषय घेऊ नका. तो सहा महिन्यांत काय, सहा वर्षांतही संपणार नाही.

१३. पंधरा जणींची तोंडी संमती घ्या. कशासाठी विचारता, कुठे छापणार, नाव येणार का, सगळं सांगा. *सांभाळा:* मालक किंवा मुकादम शेजारी उभा असताना संमती घेऊ नका. तेव्हाचा "हो" हा त्याच्यासाठी असतो.

१४. प्रत्येकीचा २४ तासांचा तक्ता भरा. एका कागदावर मोठं घड्याळ काढा आणि उठल्यापासून झोपेपर्यंतचं एकेक काम तिच्याच शब्दांत लिहा. *सांभाळा:* "तुम्ही काय काम करता?" असं विचारलंत तर ती "काही नाही, घरीच असते" म्हणेल. "पहाटे उठल्यावर पहिलं काय करता?" इथून सुरू करा आणि "मग?" म्हणत पुढे चला. तोडणीच्या दिवसांत दुपारी गाठू नका. वेळ तिलाच विचारा.

१५. सगळ्यांचे तास जोडून सरासरी काढा. शेजारी देशाचा आकडा ठेवा: केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा बिनपैशाचा घरकामाचा वेळ सरासरी २९९ मिनिटं आला, पुरुषांचा ९७ मिनिटं. *सांभाळा:* पंधरा जणींवरून "तालुक्यातल्या सर्व स्त्रिया" असं कधीही लिहू नका. "आम्ही भेटलो त्या १५ जणी" असंच लिहा. तुमच्या शब्दाला वजन येतं ते अशा नेमकेपणाने.

१६. दोन पानी अहवाल सोप्या मराठीत लिहा. पहिल्या पानावर काय दिसलं, दुसऱ्यावर काय करता येईल. करता येण्याजोग्या तीनच गोष्टी सांगा: बागेजवळ शौचालय, लॉजमध्ये कपडे बदलायला खोली, पाण्याच्या वेळेत बदल, अशा. *सांभाळा:* "पितृसत्ताक संरचना" हे शब्द प्रबंधात राहू द्या. इथे "पाणी सकाळी सहाला सुटतं, म्हणून ती साडेचारला उठते" असं लिहा; वाचणारा त्याच ओळीवर थांबतो.

१७. अहवाल आधी त्या पंधरा जणींना वाचून दाखवा. चुकलं असेल ते त्या सांगतील, दुरुस्त करा. *सांभाळा:* ही पायरी गाळून थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे गेलात, तर पुढच्या वेळी त्या दार उघडणार नाहीत.

१८. दुरुस्त अहवाल महिला सभेत मांडा. गावात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते; तिथे ठराव लिहून घ्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी वापरायचा असतो, तो कशावर खर्च झाला तेही विचारा. *सांभाळा:* ठराव तोंडी झाला तर तो झालाच नाही असं समजा. इतिवृत्तात आल्याची खात्री करा. तुम्ही राहाता किंवा शिर्डी शहरात असाल तर ग्रामसभा नसते, अर्ज नगरपरिषदेकडे द्या.

चौथा टप्पा: पहिली कमाई

१९. दीड तासाचं एक प्रशिक्षण सत्र तयार करा. विषय: कामाच्या ठिकाणी महिलांचा होणारा लैंगिक छळ रोखणारा २०१३चा कायदा. मुद्दे एवढेच: दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी हवी, सदस्यांत निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, बाहेरचा एक सदस्य हवा, तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. *सांभाळा:* कायद्याचा मूळ मजकूर स्वतः वाचा. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांवरून सत्र बांधू नका.

२०. मैत्रिणींसमोर सत्राची तालीम करा. दोघींना लॉजचे मॅनेजर आणि दोघींना साफसफाई कामगार व्हायला सांगा आणि अवघड प्रश्न विचारू द्या. *सांभाळा:* उत्तर येत नसेल तर "बघून सांगते" म्हणा आणि खरंच सांगा. कायद्यात अंदाज चालत नाही.

२१. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या वीस ठिकाणांची यादी करा. शिर्डीतले हॉटेल-लॉज, दवाखाने, पतसंस्था, महाविद्यालयं, दूध संकलन केंद्रं, साखर कारखाने, लोणीतल्या शिक्षणसंस्था. *सांभाळा:* यादीत मालकाचं नाही, तर मनुष्यबळ किंवा आस्थापना सांभाळणाऱ्याचं नाव लिहा. चिठ्ठी हलते ती त्यांच्या टेबलावरून.

२२. यादीतल्या प्रत्येकाला एक पानी पत्र प्रत्यक्ष नेऊन द्या. पत्रात दोन गोष्टी ठळक करा: कर्मचाऱ्यांसाठी जागृती कार्यक्रम घेणं ही २०१३च्या याच कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी आहे, आणि अंतर्गत समिती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तिसऱ्या ओळीत तुमचं सत्र आणि फी. *सांभाळा:* शिर्डीत गुरुवारी, शनिवारी-रविवारी आणि उत्सवात जाऊ नका. गर्दीच्या दिवशी कुणाला मान वर करायला वेळ नसतो. मंगळवार-बुधवारची दुपार उत्तम. आणि दंड धमकीसारखा सांगू नका; "तुमचं काम सोपं करायला आले आहे" हा सूर ठेवा.

२३. फी एका आकड्यात सांगा. प्रवास, छपाई, तयारीचे तास आणि सत्राचे तास मिळवून आकडा घरीच ठरवून जा. *सांभाळा:* "द्याल ते द्या" म्हणू नका. गावच्या ग्रामसंघासाठी फुकट घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण तेही पत्रात "मोफत" असं लिहून. प्रत्येक सत्रानंतर तारीख, विषय आणि शिक्का असलेलं अनुभवपत्र त्याच दिवशी मागा. याचं कारण पक्कं आहे: जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर सदस्य म्हणून येणाऱ्या सामाजिक कार्यकर्तीकडे या क्षेत्रातला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा असं नियम सांगतो. ती पाच वर्षं मोजायला आजपासून कागद हवेत.

पाचवा टप्पा: नोकरी आणि पुढचं शिक्षण

२४. जाहिरातींचं कॅलेंडर बनवा आणि दर सोमवारी तपासा. हे रकाने ठेवा: महिला व बाल विकास विभाग (संरक्षण अधिकारी), जिल्हा परिषद (अंगणवाडी पर्यवेक्षिका), सखी वन स्टॉप सेंटर (केंद्र प्रशासक, केस वर्कर, समुपदेशक), उमेद (प्रभाग समन्वयक), महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविमची लोकसंचलित साधन केंद्रं (सहयोगिनी), आणि एमपीएससी, जिथे राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. संस्थांचा वेगळा रकाना करा: अहिल्यानगरचं स्नेहालय, पारनेर तालुक्यात काम करणारं मासूम, पाणलोटाच्या कामात महिला गट बांधणारं वॉटर. *सांभाळा:* अर्जाआधी शैक्षणिक अर्हतेची ओळ तीनदा वाचा. काही पदांना समाजकार्य, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र असं नाव घेऊन विषय मागतात. तिथे तुमचा विषय नसेल तर फी भरून मन दुखवून घेऊ नका, पुढच्या जाहिरातीकडे वळा. कंत्राटी पद असेल तर मानधन आणि मुदत दोन्ही विचारा.

२५. पुढे शिकायचं का, ते आता ठरवा. अध्यापन आणि संशोधन आवडत असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं स्त्री अभ्यास केंद्र किंवा मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था बघा. घर सोडता येत नसेल तर इग्नूचं महिला व लिंगभाव अभ्यासातलं एम.ए. दूरशिक्षणाने करता येतं. समुपदेशनाची आणि खात्यातल्या पदांची ओढ असेल तर अहिल्यानगरच्या सीएसआरडी संस्थेतून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी सोयीची. प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट परीक्षेत "स्त्री अभ्यास" हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ७४. पदव्युत्तर परीक्षेत खुल्या गटाला ५५ टक्के लागतात. *सांभाळा:* नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मराठीतून शिकला असाल तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक संकल्पनेचा इंग्रजी शब्द शेजारी लिहीत चला. आणि "लग्न ठरेपर्यंत काहीतरी करायचं" म्हणून प्रवेश घेऊ नका. पायरी ४ मधल्या तीन रकान्यांतला कुठला भाग वाढवायचा ते ठरवून घ्या.

सहावा टप्पा: टिकवण

२६. मदत मागायला येणाऱ्या बाईसाठी तुमचा नियम लिहून काढा. कारण एव्हाना बायका दारात यायला लागलेल्या असतील. नियम असा असू द्या: शांतपणे ऐकायचं, जिवाला धोका असेल तर लगेच ११२, नाहीतर तिच्या इच्छेने संरक्षण अधिकारी, वन स्टॉप सेंटर किंवा विधी सेवा समितीपर्यंत सोबत जायचं. निर्णय तिचा, सोबत तुमची. *सांभाळा:* एकट्याने कुणाच्या घरी भांडण सोडवायला जाऊ नका आणि तिची गोष्ट बैठकीत, नाव लपवूनसुद्धा, सांगू नका. लहान तालुक्यात दोन खुणांवरून माणूस ओळखू येतं. स्वतःची संस्था नोंदवायची घाईही नको. सात सदस्य, हिशेब, लेखापरीक्षण आणि धर्मादाय कार्यालयाची कागदपत्रं सांभाळायची तयारी झाली की मगच ते दार ठोठवा.

जमलं की नाही, कसं ओळखायचं?

सहा महिन्यांनी फाईल उघडा आणि चार गोष्टी तपासा. अहवालातली एक तरी मागणी इतिवृत्तात आली आहे. एक तरी अनुभवपत्र शिक्क्यासह आहे. तुमच्या खात्यात तुमच्या कामाचे पैसे जमा झाले आहेत, थोडे का असेना. आणि भिंतीवरच्या कागदाप्रमाणे घरातली कामं खरोखर वाटली गेली आहेत.

चारही असतील तर पायरी १२ पासून नवा प्रश्न घेऊन पुन्हा सुरुवात करा, या वेळी तीस जणींसोबत. पहिली नसेल तर पायरी १८ पुन्हा करा; दुसरी-तिसरी नसतील तर पायरी २१ ची यादी वाढवा. आणि चौथी नसेल तर पायरी ६ पुन्हा करा, न लाजता. घरातल्या वाटणीचा कागद पाळला गेला तरच बाहेरचे दोन तास तुमचे राहतात, आणि या पदवीचं सगळं काम त्या दोन तासांवर उभं आहे. सोमवारी पंचायत समितीत जायचं आहे ना? मग फाईल आजच लावायला घ्या.